डबा उघडण्याआधी डबी

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सहावीत आहे, अलाइनर (दात सरळ करणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे ट्रे, एकामागून एक क्रमाने घालायचे) लावून दीड महिना झाला, शाळेत डबा खाताना काढलेला ट्रे तो परत घालत नाही आणि परवा एक ट्रे रुमालासकट हरवला. रोज ओरडून थकलात आणि सरळ तारेच्या ब्रेसेस लावाव्यात का, असं विचारताय. माझ्या मुलीचे अलाइनर सातवीत सुरू झाले आणि नववीच्या दिवाळीत संपले. पहिल्या तीन महिन्यांत तिनेही दोन ट्रे हरवले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हरवलेल्या ट्रेचं बघा. डॉक्टरांना आजच फोन करा. नवा ट्रे बनून येईपर्यंत तोंड रिकामं ठेवू नका, कारण दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागतात. डॉक्टर अशा वेळी बहुधा मागचा ट्रे घालायला सांगतात. हरवलेल्या ट्रेचे बरेच दिवस भरत आले असतील तर कधीकधी थेट पुढचा सुरू करायला सांगतात. हे त्यांनीच ठरवायचं, आपण घरी नाही. जुने ट्रे फेकायचे नसतात ते याचसाठी. निदान मागचा एक जोड धुऊन, कोरडा करून, वर आकडा लिहून घरात ठेवायचाच.

आता विसरण्याबद्दल. मलाही आधी असंच वाटत होतं की मुलगी निष्काळजी आहे. एकदा रात्री तिला शांतपणे विचारलं, मोठ्या सुट्टीत नक्की काय होतं ते क्रमाने सांग. घंटा झाली की नळावर रांग. हात धुऊन येईपर्यंत मैत्रिणी गोल करून बसलेल्या. सगळ्यांसमोर तोंडात बोटं घालून ट्रे काढायचा, त्याला लाळेची तार येते, कोणीतरी "ईऽऽ" करतं. मग ती भिंतीकडे तोंड करून ट्रे काढायची आणि कोणाला दिसू नये म्हणून रुमालात गुंडाळून मांडीखाली ठेवायची. डबा झाला की रुमाल झटकला जायचा. ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण मी रागावत होते विसरण्यावर आणि अडचण होती लाजेची. तुमच्या मुलाचाही ट्रे रुमालातच गेला, म्हणून तुम्हीही एकदा न रागावता हे विचारून बघा.

तिथून आम्ही दोनच गोष्टींवर मेहनत घेतली. ट्रे पटकन निघाला पाहिजे आणि त्याला एकच ठरलेली जागा पाहिजे.

पटकन निघण्यासाठी रविवारी आरशासमोर सराव केला. दाढेच्या आतल्या बाजूला नख अडकवून एक बाजू सैल करायची, मग दुसऱ्या बाजूची दाढ, मग पुढचे दात. समोरून एकदम ओढलं तर ट्रेला चीर जाते. दातांवर डॉक्टरांनी चिकटवलेले छोटे उंचवटे असतील तर पहिले काही दिवस ट्रे घट्ट बसतो, अशा वेळी काढायला प्लास्टिकचा छोटा आकडा मिळतो, तो मागून घ्या. आठवड्याभरात माझी मुलगी आरशाशिवाय, एका हाताने, दुसरा हात तोंडापुढे धरून पाच-सहा सेकंदांत ट्रे काढू लागली. भिंतीकडे वळायची गरजच उरली नाही. घालताना मात्र बोटांनी दाबून बसवायचा, दातांनी चावून नाही.

जागेसाठी आम्ही ट्रेची डबी दप्तराच्या कप्प्यातून काढून डब्याच्या पिशवीत, डब्याच्या वर ठेवायला लागलो. डबा काढायचा तर आधी डबी हातात येते, म्हणजे ट्रे काढायची आठवण झाली. जेवून डबा पिशवीत ठेवताना डबी रिकामी आहे का बघायचं. ती भरलेली असेल तर ट्रे अजून तोंडात गेलेला नाही. ट्रे एकतर तोंडात किंवा डबीत. खिसा, रुमाल, डब्याचं झाकण, कंपासपेटी यातलं काहीही चालणार नाही, हे आमच्या घरी ठरून गेलं. डबी भडक रंगाची घ्या, वर नाव आणि तुमचा फोन नंबर लिहा. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात कागदी साबणाची चपटी डबी ठेवा, कारण शाळेच्या नळावर साबण असेलच असं नाही आणि हात न धुता बोटं तोंडात घालायची नाहीत.

आता वेळेचा हिशेब, कारण खरी ओढाताण इथेच असते. आम्हाला डॉक्टरांनी रोज २२ तास ट्रे घालायला सांगितलं होतं. म्हणजे खाणं, पिणं आणि दात घासणं मिळून हातात १२० मिनिटं. आम्ही एक दिवस कागदावर मांडलं: सकाळचं खाणं २०, छोटी सुट्टी १५, मोठी सुट्टी ३०, शाळेतून आल्यावर २०, रात्रीचं जेवण ३०. झाली ११५ मिनिटं, आणि दात घासणं अजून यात धरलेलंच नाही. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो. रोज दोन-तीन तास कमी पडले की तेवढंही सरकणं पुरं होत नाही, पुढचा ट्रे नीट बसत नाही आणि दाताचं टोक आणि ट्रे यांच्यामध्ये पोकळी दिसू लागते. तशी पोकळी दिसली तर पुढच्या ट्रेवर जायची घाई न करता डॉक्टरांना विचारा.

आम्ही छोटी सुट्टी वाचवली. दूध, अंडं किंवा थालीपीठ असं पोटभर सकाळीच द्यायचं आणि छोट्या सुट्टीत फक्त साधं पाणी. पण मूल भुकेलं राहत असेल तर हे मुळीच करू नका. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून तास भरायचे नाहीत. त्यापेक्षा शाळेतून आल्यावरचं खाणं एका बैठकीत उरकायचं. दर दहा मिनिटांनी फरसाणाचा डबा उघडणं आम्ही बंद केलं आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाचला.

वर्गातल्या वाढदिवसांचंही ठरवून ठेवा. चॉकलेट वाटलं की सगळे लगेच खातात आणि आपलं मूल ट्रेवरूनच चघळतं. साखर ट्रेच्या आत दाताला चिकटून राहते, लाळेने धुतली जात नाही आणि दात किडतो. कोकम सरबत, ज्यूस, दूध या सगळ्यांचं तसंच, ट्रे घालून फक्त साधं पाणी. चॉकलेट खिशात ठेवून मोठ्या सुट्टीत डब्यानंतर खायचं, हे मुलीला चटकन पटलं, कारण आम्ही चॉकलेट बंद केलं नव्हतं.

शाळेत ब्रश नेण्याचा आग्रह मी पंधरा दिवसांत सोडला. नळावर गर्दी, ब्रश ठेवायला जागा नाही, आणि त्या नादात ट्रे तासभर बाहेर राहायचा. डॉक्टरांना विचारल्यावर ते म्हणाले, शाळेत दोन-तीनदा खळखळून चुळा भरायच्या, ट्रे पाण्याखाली धरायचा आणि लगेच घालायचा. घरी आल्यावर नीट ब्रश. ट्रे धुवायला गरम पाणी कधीच नको, त्याचा आकार बिघडतो. उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीतही डबी ठेवू नका. आपल्या भाज्यांतल्या हळदीने ट्रे पिवळट होतो. तो बदलला जातो म्हणून फारशी चिंता नाही, पण दातांवरचे उंचवटे उपचार संपेपर्यंत तेच राहतात आणि त्यांच्या कडांना डाग धरतो. आम्ही जास्त हळदीची भाजी रात्रीच्या जेवणाला ठेवली आणि शाळेच्या डब्यात दहीभात, पराठा, मऊ पोळीचा रोल असं देऊ लागलो. नव्या ट्रेच्या पहिल्या दोन दिवसांत दात दुखतात तेव्हाही हे खायला सोपं जातं.

नवा ट्रे आम्ही शनिवारी रात्री जेवणानंतर घालायचो, म्हणजे ठणक झोपेत आणि रविवारी घरीच जाते. परीक्षेच्या आठवड्यात बदल येत असेल तर दोन दिवस पुढे ढकलू का, असं डॉक्टरांना विचारायचं. सुरुवातीला स आणि च बोबडे येतात आणि मुलं वर्गात हात वर करायचं टाळतात. आम्ही साताचा पाढा मोठ्याने म्हणून घ्यायचो, सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. आठवड्यात उच्चार जागेवर आले.

कबड्डी, फुटबॉल, कराटे असेल तर अलाइनर म्हणजे दातांचं संरक्षण नव्हे. ट्रे काढून डबीत आणि तोंडात खेळाचा माउथगार्ड, असं डॉक्टरांशी बोलून ठरवा.

वर्गशिक्षिकांना एक चिठ्ठी जरूर द्या. मी एवढंच लिहिलं होतं: "डबा खाताना तिला दातांचा ट्रे काढावा लागतो, सुट्टी संपल्यावर तोंड धुवायला दोन मिनिटं उशीर झाला तर कृपया समजून घ्यावं." सगळ्यांसमोर आठवण करून देऊ नका अशीही विनंती केली होती, आणि बाईंनी ती मनापासून पाळली.

घरी मी "घातलास का?" हे विचारणं थांबवलं. फ्रिजवर कागद लावला, ट्रे किती वेळ बाहेर होता ते ती रात्री स्वतः लिहायची. चुकीचं लिहिलं असेल अशी शंका मला यायची, पण मी तपासायला गेले नाही. महिन्याभरात आकडे खरे येऊ लागले, कारण ट्रे सैल बसतोय की घट्ट हे तिला स्वतःलाच कळायचं.

तारेच्या ब्रेसेसचं म्हणाल तर त्यात कमीपणा काही नाही, त्यांनी दात उत्तम सरळ होतात आणि त्या हरवत नाहीत. पण दीड महिन्यात, आणि एक ट्रे गेला म्हणून, हा निर्णय मी घेणार नाही. वरचे बदल सहा आठवडे करून बघा. तरी तास भरत नसतील आणि पोकळी दिसत असेल, तर तो कागद घेऊन मुलासकट डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर आधी मुलालाच विचारा की त्याला काय सोपं वाटतं.