'निधडा' म्हणजे काय, आणि तो कुठे वापरायचा?

निधडा म्हणजे न डगमगणारा, समोर धोका दिसतोय तरी मागे न सरणारा. पण नुसतं 'तो निधडा आहे' असं फारसं कोणी बोलत नाही, हा शब्द बहुतेक वेळा छातीला चिकटूनच येतो, निधड्या छातीचा माणूस, निधड्या छातीची बाई, निधड्या छातीने सामोरं जाणं वगैरे. आमच्या नंदुरबारचा शिरीषकुमार घ्या, शाळकरी पोरगा, ९ सप्टेंबर १९४२ ला हातात तिरंगा घेऊन मोर्चात होता आणि पोलिसांच्या गोळीबारात गेला, त्याच्याबद्दल भाषणात हा शब्द हमखास येतो आणि शोभतोही.

रोजच्या बोलण्यात मात्र जड वाटतो. स्टेजवर न अडखळता कविता म्हणणारं पोरगं धीट, कर्ज काढून केळी लावणारा हिंमतवाला, आणि तापीच्या पुरात उगाच उडी टाकणारा आगाऊ (त्याला डेरिंगबाज म्हणून डोक्यावर चढवू नका). 'निधड्या छातीने बॉसला रजेचा मेल टाकला' हे गंमत म्हणूनच चालेल.

आणि हो, 'त्याची छाती होत नाही' म्हणजे हिंमत होत नाही, तिथे निधडा लावायचा नाही.