आत्याने विचारलं नाही, म्हणून तू सांगितलं नाहीस?

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे. एमबीएला प्रवेश मिळालाय, ९ लाखांचं शैक्षणिक कर्ज हवंय. बाबांनी क्रेडिट कार्डाचे पैसे थकवले, त्यांचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण) ५८० वर आलाय. बँक त्यांना सह-कर्जदार म्हणून घ्यायला तयार नाही. माझेही मोबाइलचे काही हप्ते चुकलेत. शेवटी पुढच्या वर्षी निवृत्त होणारी आत्या धावून आली. तिने तर रक्कमही विचारली नाही, 'कागद आण, सही करते' म्हणाली. पण बाबांशी बोलावंसंच वाटत नाही. हा राग कसा घालवू?

उत्तर: राग राहू दे. मी अडकले ते 'रक्कमही विचारली नाही' या शब्दांवर. तू ते आत्याचं कौतुक म्हणून लिहिलंस, मला मात्र तिची काळजी वाटली. तिने विचारली नाही, पण तू का नाही सांगितलीस?

सह-कर्जदार म्हणजे नावापुरता साक्षीदार नव्हे. ते कर्ज जितकं तुझं, तितकंच तिचं. तुझा हप्ता चुकला की तिचाही स्कोअर पडतो आणि सगळी थकबाकी बँक थेट तिच्याकडे मागू शकते. आता तारखा बघ. शिक्षणाची २ वर्षं, त्यानंतर साधारण वर्षभर हप्ते न भरण्याची सवलत. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा आत्याचा पगार बंद होऊन २ वर्षं झालेली असतील. ९ लाखांवर १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर महिन्याला सुमारे ११,९०० रुपये. मधल्या काळातलं व्याज भरलं नाहीस तर त्याहून जास्त. तुझी नोकरी लांबली की हे पैसे कोणाच्या घरखर्चातून जाणार, याचा विचार केलास?

आधी कॉलेज पीएम विद्यालक्ष्मी या केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते पाहा. त्या योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही. कदाचित आत्याला मध्ये घालावंच लागणार नाही. मोबाइलची थकबाकी तर याच महिन्यात भरून टाक.

तरीही तिची सही लागणार असेल, तर येत्या रविवारी तिच्या घरी जा. हे फोनवर उरकू नकोस. तिच्यासमोर वहीत लिही: रक्कम, व्याज, हप्ता, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, शेवटचा कोणत्या वर्षी. तुझे हप्ते चुकलेत हेही तुझ्याच तोंडून कळू दे. मग म्हण, "आत्या, नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही." आणि सही न घेता परत ये. चार दिवस तिला विचार करू दे. तुझ्यावर माया आहे म्हणून ती डोळे मिटून सही करेल, आणि म्हणूनच ते होऊ द्यायचं नाही.

ती नाही म्हणाली तर यंदाचा प्रवेश सोड आणि नोकरी धर. हो म्हणाली, तर बँकेत सांगून हप्त्याचा मेसेज तिच्याही मोबाइलवर येईल अशी सोय कर. हप्ता भरला का, हे तिला कधी तुला विचारावं लागू नये.