स्पर्धेच्या गावात प्लॉट?

प्रश्न : अहमदाबादला 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा होणार, म्हणून एक एजंट तिथला प्लॉट घ्या म्हणतोय. जालन्याची शेती विकून घ्यावा का? – एक वाचक, जालना

उत्तर : शेती विकू नका, ही कळकळीची विनंती. भाव यजमानपदाच्या बातमीवरच चढतात. तो फायदा आधीच्या मालकाचा. पुढे भाव टिकतो तो मेट्रो, रस्ते, पाणी प्रत्यक्ष आलेल्या भागातच.

तरी घ्यायचाच असेल, तर आधी बिनशेती आदेश पाहा; गुजरातेत बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. दुसरं, टीपी स्कीम, म्हणजे जमिनी एकत्र करून रस्ते-प्लॉट नव्याने आखणारी नगररचना (टाउन प्लॅनिंग) योजना. तिथे रस्ते-बागांसाठी मूळ जमिनीतून 40 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते, प्लॉटची जागाही बदलते. त्यामुळे अंतिम प्लॉट क्रमांक आणि त्याचं क्षेत्रफळ हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नका.