एन-गेदीच्या गुहेविषयी एका लेकीस पत्र

प्रिय लेकी,

सप्रेम सलाम.

बायबलमधल्या गुहांवर तरुण संघात बोलण्यासाठी केलेलं तुझं टिपण मिळालं. वचनं मेहनतीने शोधली आहेस, त्याबद्दल वादच नाही. पण मांडणी फार सोयीची झाली आहे. ‘देवाचे लोक गुहेत शिरले की तो आसरा, दुष्ट शिरले की ती शिक्षा’ असं पहिल्याच ओळीत ठरवून टाकलंस आणि मग सगळी वचनं दोन रकान्यांत वाटून दिलीस. मला सांग, अब्राहामाचा पुतण्या लोट, त्याला कुठल्या रकान्यात बसवशील?

नाश होणार असलेल्या सदोम शहरातून निघताना देवदूतांनी त्याला डोंगराकडे पळायला सांगितलं होतं. त्याने गयावया करून सोअर हे लहानसं गाव मागून घेतलं. मग तिथेही राहायची भीती वाटू लागली, तेव्हा दोन्ही मुलींना घेऊन डोंगरातल्या एका गुहेत जाऊन राहिला. जीव वाचला, पण त्या गुहेत पुढे जे घडलं ते तरुण संघात मोठ्याने वाचायला सहसा कुणी पुढे येत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात याच माणसाला नीतिमान म्हटलं आहे. बरं, गोष्ट तिथे संपतही नाही. त्या गुहेत थोरल्या मुलीला बापापासूनच मवाब झाला. मवाबाच्या वंशातली रूथ, ती पुढे राजा झालेल्या दावीदाची पणजी. आणि दावीद शौल राजाच्या भीतीने अदुल्लामच्या गुहेत आश्रयाला होता त्या दिवसांत त्याने आपल्या आईवडिलांना नेऊन ठेवलं ते मवाबाच्या राजाकडेच. आता याला आसरा म्हणायचं की शिक्षा?

तो मुलूख आधी नीट समजून घे. गुहा म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट पाण्याने विरघळत नाही, तो माणसाने छिन्नीने कोरला. यहूदाच्या डोंगरातला दगड चुनखडीचा आहे. पावसाचं पाणी मुरतं, दगड विरघळत जातो आणि पोकळ्या आपोआप तयार होतात. म्हणून तिथे गुहा जागोजागी. लोक त्यांत कळप कोंडत, मेलेल्यांना ठेवत, शत्रू आला की लपत. मिद्यानी लोक उभं पीक लुटायला यायचे तेव्हा इस्राएल लोक डोंगरांतल्या गुहांत राहिले (शास्ते ६). शौलाच्या काळात पलिष्ट्यांच्या भीतीने गुहांत, झुडपांत, खडकांत, टाक्यांत दडले (१ शमुवेल १३). गुहेत शिरणं हा विश्वासाचा पुरावा नव्हता आणि पापाचाही नव्हता. नाइलाज होता.

मक्केद्याची गोष्ट तू तीन ओळींत उरकलीस, ती थोडी वाढव. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात अमोऱ्यांचे पाच राजे लढाईतून पळून मक्केद्याच्या गुहेत लपतात. इस्राएलचा पुढारी यहोशवा घाई करत नाही. गुहेच्या तोंडावर मोठे धोंडे लोटायला सांगतो, पहारा बसवतो आणि पाठलाग चालू ठेवतो. नंतर राजांना बाहेर काढतात, सरदार त्यांच्या मानांवर पाय देतात, त्यांना मारून पाच झाडांवर टांगतात आणि सूर्य मावळताना त्याच गुहेत टाकून तोंडाशी पुन्हा धोंडे रचतात. लपायची जागा आधी कोठडी झाली, मग कबर. वाचताना अंगावर येतं आणि ते यायलाच हवं. हा भाग गुळमुळीत करून सांगू नकोस.

यशयाच्या दुसऱ्या अध्यायात आणि प्रकटीकरणाच्या सहाव्यात हेच चित्र साऱ्या जगाएवढं मोठं होतं. यशयात लोक आपल्या सोन्यारुप्याच्या मूर्ती वटवाघळांपुढे टाकून खडकांच्या भेगांत शिरतात. प्रकटीकरणात राजे, सरदार, श्रीमंत, दास आणि स्वतंत्र असे सगळे गुहांत आणि खडकांत लपतात आणि डोंगरांना म्हणतात, आमच्यावर पडा. मक्केद्यात धोंडा दुसऱ्यांनी लोटला होता, इथे माणसं तो स्वतः मागून घेतात. या दोन उताऱ्यांवर फार वेळ घालवू नकोस, वाचले की ते आपलं काम करतात.

तुझ्या टिपणात यहेज्केल ३३ नाही, तो घाल. यरुशलेम पडल्यावर जे लोक गुहांत आणि गडांत तग धरून होते ते मरीने मरतील, असं तिथे म्हटलं आहे. हे अब्राहामाच्या नावावर देश मागणारे आपलेच लोक होते. आणि त्याला लागून इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय वाच. तिथे गुहांत आणि जमिनीतल्या बिळांत राहिलेल्यांविषयी म्हटलं आहे की जग त्यांच्या योग्यतेचं नव्हतं. दोन्ही वचनं शेजारी ठेवलीस की तुझे रकाने राहत नाहीत.

एलीया संदेष्ट्याचा भाग तू चांगला लिहिला आहेस, एकच गोष्ट जोड. ईजबेल राणी संदेष्ट्यांना मारत होती तेव्हा राजवाड्याचा कारभारी ओबद्या याने १०० संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि त्यांना भाकरी-पाणी पुरवलं. हे ओबद्याने स्वतः एलीयाच्या तोंडावर सांगितलं होतं. तरी होरेब डोंगरावरच्या गुहेत एलीया म्हणतो, मी एकटाच उरलो. देव दोनदा तोच प्रश्न विचारतो, तू इथे काय करतोस? एलीया दोनदा तेच उत्तर देतो, शब्दही न बदलता. देव वाद घालत नाही. आल्या वाटेने परत जा म्हणतो, तीन माणसांना अभिषेक करायचं काम देतो आणि जाता जाता सांगतो की इस्राएलात माझ्याशी एकनिष्ठ असे ७,००० उरलेत.

आता एन-गेदी, १ शमुवेल २४. तुझा बहुतेक वेळ इथे जायला हवा.

मृत समुद्राच्या पश्चिम काठावरचा हा झरा, वर उभे कडे, रानबकऱ्यांचे खडक. शौल ३,००० निवडक माणसं घेऊन दावीदाला शोधत आला. वाटेत मेंढवाडे लागले, तिथे एक गुहा होती आणि तो शौचासाठी आत गेला. राजा असा अगदी उघडा पडलेला, आणि नेमक्या त्याच गुहेच्या आतल्या अंधारात दावीद आपल्या माणसांसह बसलेला. उन्हातून आलेल्याला आतलं काही दिसत नसणार. आतल्यांना मात्र तोंडाशी आलेला माणूस स्पष्ट दिसत असणार.

दावीदाची माणसं काय म्हणतात ते नीट वाच. देवाने शत्रू तुझ्या हाती देईन म्हटलं होतं, तो हाच दिवस. म्हणजे दुष्ट गुहेत शिरला, आता न्याय. तुझ्या टिपणाची पहिली ओळ त्यांच्या तोंडी आहे, लेकी. त्यांचं चुकीचं होतं असं सहज म्हणता येत नाही, मक्केदा त्यांनाही ठाऊक असणार. जिथे दावीद जीव वाचवून बसला होता तिथेच त्याला न्यायाधीशाची जागा आयती मिळाली होती. त्याने फक्त शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं.

मग तो शौलामागे बाहेर येतो, हाक मारतो, भुईपर्यंत लवतो आणि म्हणतो, परमेश्वर तुझा-माझा न्याय करो, पण माझा हात तुझ्यावर पडणार नाही. समोर ३,००० माणसं उभी असताना! लपलेल्या माणसाने स्वतःहून उजेडात यावं, हे मला काठ कापण्यापेक्षा मोठं वाटतं. शौल रडतो. घरी जातो. पण दावीद त्याच्याबरोबर जात नाही, तो आपल्या माणसांसह पुन्हा गडावर जातो. क्षमा केली म्हणून भोळा झाला नाही. पुढे सव्विसाव्या अध्यायात शौल पुन्हा ३,००० माणसं घेऊन निघतोच.

स्तोत्र ५७ घेतलंस ते बरं, पण १४२ सुद्धा घे. दोन्हींच्या शीर्षकात गुहा आहे. ५७ मध्ये देवाच्या पंखांची सावली, आणि १४२ च्या शेवटी ‘मला बंदिवासातून काढ’ अशी विनवणी. ज्या गुहेने जीव वाचवला तिथे बसूनच ही प्रार्थना. कुठली गुहा ते शीर्षक सांगत नाही, तेव्हा अदुल्लाम की एन-गेदी हे तूही ठरवून टाकू नकोस.

एक विनंती. शेवटी ‘तुमची गुहा कोणती, बाहेर या’ असलं आवाहन करू नकोस. ऐकणाऱ्यांत कुणी घरातल्या कुणाच्या तरी भीतीने खरंच जीव मुठीत धरून राहत असेल. अदुल्लामला कर्जबाजारी, गांजलेली, कडवटलेली ४०० माणसं जमली होती, त्यांना दावीदाने बाहेर हाकललं नाही.

१ शमुवेल २४ दुसऱ्या कुणाकडून वाचून घे, म्हणजे तुझा आवाज टिकेल. शेवटचं वचन गाळू देऊ नकोस, गडावर जाण्याचं तिथेच आहे. यहोशवा १० मात्र तूच वाच, आणि आदल्या रात्री त्या पाच राजांची नावं मोठ्याने म्हणून बघ. होहाम, पिराम, याफीय ही ठीक जातात, पण अदोनी-सदेकला हमखास अडखळायला होतं.

तुझी,
मावशी