राज्यात सत्ता बदलली तर नाशिकमध्ये बंदुकीचा परवाना सोपा होईल का?

कायदा तरी बदलणार नाही. शस्त्रं हा केंद्र सूचीतला विषय आहे. मुंबईत सरकार कुणाचंही येवो, १९५९ चा शस्त्र कायदा बदलायचा तर संसदेतच. तिथेही २०१९ मध्ये तो कडकच झाला: तीनऐवजी दोनच शस्त्रं, आजोबांची वारसाहक्काने आलेली बंदूकही त्यातच मोजायची. परवान्याची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली.

फरक पडलाच तर अंमलबजावणीत पडेल. नाशिक शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. निफाडकडे मळ्यात राहणाऱ्यांना बिबट्याची धास्ती असते, आणि ती खरी आहे. पण परवाना असला तरी बिबट्याची शिकार गुन्हाच. त्यासाठी वनविभागाकडे पिंजऱ्याची मागणी करा, लेखी करा.