पायथनमध्ये फॉर्ममधून आलेला मजकूर दशांश संख्येत कसा बदलायचा आणि दोन घरांपर्यंत कसा छापायचा?

पैशाचा हिशेब असेल तर फ्लोटला, म्हणजे संख्या बायनरीत अंदाजे साठवणाऱ्या प्रकाराला, हात लावू नका. डेसिमल, म्हणजे दशांश जसेच्या तसे धरणारा प्रकार, वापरा आणि मजकूर थेट त्यालाच द्या. मध्ये फ्लोट केलात तर त्याची घाण डेसिमलमध्ये जशीच्या तशी उतरते.

एवढं ठासून सांगतोय, कारण हिंगणघाटच्या बाजूला एका जिनिंगमध्ये हे डोळ्यांदेखत झालंय. २०२४-२५ चा हंगाम. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१, खासगीत सौदा ७,२०० वर तुटला. बाबांच्या कापसाचं निव्वळ वजन ८.६५ क्विंटल. ऑपरेटरने भाव टाकला ७,२००, स्वल्पविरामासकट, आपण सगळे लिहितो तसा. चुकाऱ्याची पट्टी निघाली ६०.५५ ची. हवे होते ६२,२८०. बाबा म्हणाले, "साठ रुपये कायचे गा?" मागे गाड्यांची रांग लागलेली.

आत जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट होतं, मजकुराची संख्या करणारं फंक्शन. ते स्वल्पविरामापाशी थांबतं, ७ उचलतं आणि बाकीचं गुपचूप फेकतं. पायथन अशा वेळी निदान चूक दाखवून थांबतं: फ्लोट व्हॅल्यूएरर देतं, डेसिमल इनव्हॅलिडऑपरेशन. सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणतो, "ऑपरेटरला सांगा, कॉमा टाकत नका जाऊ." का म्हणून? माणसं लिहितात तसं वाचणं हे प्रोग्रामचं काम आहे. स्वल्पविराम काढा, मोकळ्या जागा छाटा, तरीही वाचता आलं नाही तर पट्टी छापूच नका. देवनागरी अंक पायथनला आपसूक समजतात, ते अडवू नका.

त्याचं दुसरं पालुपद, "पैशा-दोन पैशाने काय बिघडते?" पायथनमध्ये २.६७५ हा फ्लोट दोन घरांपर्यंत राउंड करून बघा, २.६७ येतं. कारण बायनरीत ती संख्या २.६७५ हून किंचित कमी साठवली जाते. हंगामभराच्या पट्ट्यांत असा फरक साचला की रोजमेळ जुळत नाही आणि मुनीम रात्री उशिरापर्यंत चूक शोधत बसतो. सॉफ्टवेअरवाला तेव्हा घरी झोपलेला असतो.

छापायचं म्हणाल तर डेसिमलचं क्वांटाइझ वापरा, ते ठरावीक घरांपर्यंत संख्या आणतं, आणि राउंड-हाफ-अप, म्हणजे अर्धा आला की वर, हे स्वतः सांगा, कारण बरोबर अर्ध्यावर डेसिमल आपणहून सम अंकाकडे झुकतं. पायथनचा नेहमीचा स्वल्पविरामाचा फॉरमॅट १२३,४५६.५० असं तोडतो. आपल्या माणसाला १,२३,४५६.५० लागतं, तेवढं फंक्शन स्वतः लिहा. जावास्क्रिप्टमध्ये टूलोकेलस्ट्रिंगला 'एन-आयएन' दिलं की स्वल्पविराम असे पडतात, दोन घरं मात्र वेगळी सांगावी लागतात.

हे सगळं पैशापुरतं. पावसाच्या मिलिमीटरचा आलेख काढायचा असेल तर फ्लोट खुशाल वापरा.