वाचकांचे प्रश्न : कृषी अर्थशास्त्र शिकताना

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. तिला कृषी अर्थशास्त्रात पदवी घ्यायची आहे, पण कृषी विद्यापीठांच्या यादीत तशी पदवीच सापडत नाही. (पालक, जालना)

उत्तर : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अर्थशास्त्र हा विभाग आहे. आधी बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी ही चार वर्षांची पदवी घ्यायची. तिचा प्रवेश एमएचटी-सीईटीतून होतो. त्या पदवीत अर्थशास्त्राचे मोजकेच विषय असतात. खरा अभ्यास सुरू होतो दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला, आणि त्यासाठी पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बारावीला गणित सोडलेल्या मुलांना पुढे सांख्यिकी आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे सांख्यिकी विश्लेषण) जड जाते. गणित सुटणार असेल तर पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच सांख्यिकीकडे लक्ष द्यायला सांगा.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी सोयाबीनचा उत्पादन खर्च काढतो आहे. शेतकरी म्हणतो तोटा झाला आणि माझ्या आकडेमोडीत नफा दिसतो. चूक कुठे होते? (विद्यार्थी, परभणी)

उत्तर : आधी तुम्ही कोणता खर्च धरलात ते पाहा. एक एकराचे नमुन्यादाखल गणित घेऊ. बियाणे, खत, औषध, बाहेरची मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे, अवजारांचा घसारा आणि खेळत्या भांडवलावरचे व्याज मिळून 18,000 रुपये झाले. जमीन खंडाने घेतलेली नाही, म्हणून हाच ए-2 खर्च. घरच्या माणसांचे 20 दिवसांचे काम 400 रुपये रोजाने 8,000 होते. ते मिळवले की ए-2 अधिक एफएल (घरची मजुरी), म्हणजे 26,000. स्वतःच्या जमिनीचा खंड 9,000 आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज 1,000 धरले की सी-2 खर्च 36,000 वर जातो.

उतारा 8 क्विंटल धरा. मग क्विंटलचा खर्च अनुक्रमे 2,250, 3,250 आणि 4,500 रुपये येतो. बाजारात भाव 4,200 मिळाला, तर ए-2 अधिक एफएलवर क्विंटलमागे 950 रुपये नफा, पण सी-2 वर 300 रुपये तोटा. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. किमान आधारभूत किमतीसाठी खर्चाची दीडपट सरकार ए-2 अधिक एफएलवर मोजते, शेतकरी संघटना सी-2 वर मागतात. सगळा वाद या फरकाचा आहे. म्हणून प्रबंधात तिन्ही आकडे द्या. एकच दिला तर वाचणारा फसतो.

आता प्रत्यक्ष माहिती घेताना होणाऱ्या चुका. "खताला किती लागले?" असे विचारले की शेतकरी सगळ्या रानाचा गोळाबेरीज आकडा सांगतो. त्याऐवजी कामाच्या क्रमाने जा : नांगरट, पाळी, पेरणी, कोळपणी, फवारणी, काढणी, मळणी. प्रत्येक कामाला किती माणसे, किती दिवस, त्यांत घरची किती, हे लगेच वेगळे लिहा. घरचे बियाणे आणि शेणखत फुकट धरू नका, गावातल्या चालू भावाने धरा. खेळत्या भांडवलावरचे व्याज पिकाच्या निम्म्या कालावधीचेच लावा, कारण सगळा पैसा पहिल्याच दिवशी गुंतलेला नसतो. भुशाला किंमत येत असेल तर खर्चाचा तेवढा वाटा त्याच्यावर टाका. आणि क्षेत्र एकरात की हेक्टरात, हे प्रत्येक पानावर लिहा, कारण इथे चूक झाली तर सगळा प्रबंध अडीच पटीने चुकतो.

भाव तोंडी विचारू नका, पट्टी म्हणजे विक्रीची पावती मागा. तिच्यात वजन, दर, हमाली, तोलाई सगळे असते. दोन पट्ट्यांची साधी सरासरी काढणे ही तर नेहमीची चूक. कांद्याचे उदाहरण घ्या : 20 क्विंटल 1,800 ने आणि 5 क्विंटल 900 ने गेला, तर सरासरी 1,350 नव्हे, 1,620 रुपये.

प्रश्न : बी.कॉम. झालो आहे, घरची शेती आहे. कृषी व्यवसायात व्यवस्थापनाचे शिक्षण घेता येईल का? (वाचक, सांगली)

उत्तर : घेता येईल, पण संस्था निवडून. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा कृषी व्यवसाय अभ्यासक्रम मुख्यतः कृषी आणि संलग्न शाखांच्या पदवीधरांसाठी आहे. आणंदच्या इर्मा या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत कोणत्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात. अहमदाबादच्या आयआयएममधील अन्न व कृषी व्यवसाय अभ्यासक्रमासाठी कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि इतर शाखेच्या उमेदवाराला शेती क्षेत्राची ओढ दाखवावी लागते. अटी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचूनच अर्ज भरा.

वाणिज्य शाखेचा फायदा तुम्हाला प्रकल्प अहवालात होईल. शेतकरी उत्पादक कंपनी कायद्याने दहा उत्पादकांनाही काढता येते. पण पुढे अडते ते खेळत्या भांडवलाशी. रोज 2 लाखांचा माल घेतला, शेतकऱ्याला लगेच पैसे दिले आणि खरेदीदाराने 30 दिवसांनी दिले, तर 60 लाख कायम बाहेर अडकून राहतात. बरेच अहवाल यंत्रसामग्रीची किंमत पैशापैशाने मांडतात आणि ही रक्कम एका ओळीत उरकतात. तुम्ही तिचा महिनावार तक्ता करा. बँकेचा अधिकारी आधी तोच मागेल.